खालून भरायचं तेल

पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून कडूबाचं गॅरेज आहे. पाटीवर ट्रॅक्टरचं चित्र आहे, दारात नेहमी दोन-तीन ट्रॅक्टर पोट उघडं टाकून उभे असतात, तरी आसपासचे लोक त्याला ‘बोटवाला मेस्त्री’ म्हणतात. ज्या वस्तीत माणसं टँकरच्या भोंग्याकडे कान लावून बसतात तिथे बोट कुठून आली, असं नवख्याला वाटणारच. विचारलं की चहावाला कौतुकाने सांगतो, अख्ख्या जिल्ह्यात बोटीचा गिअर खोलणारा हा एकच माणूस. कडूबा तेव्हा पान्हे पुसायला लागतो. ते नाव त्याला नकोसं वाटतं, आणि का वाटतं हे नऊ वर्षं फक्त त्याला आणि त्याच्या बायकोला, सुरेखाला, ठाऊक होतं.

तसा कडूबा मोकळा माणूस. आईची आधीची दोन लेकरं गेली, म्हणून तिसऱ्याला नजर लागू नये यासाठी असं नाव ठेवलं. नाव कडू आणि तोंड मात्र बडबडं. तेल बोटावर घेणार, चोळणार, हुंगणार आणि मग वैद्याने नाडी बघून सांगावं तसं यंत्राच्या पोटातलं सगळं सांगणार. “माणूस काय बी सांगंल, तेल खोटं बोलत नाय,” हे त्याचं लाडकं वाक्य. हल्ली ते वाक्य तो म्हणत नाही.

बोट आणली अनंतरावांनी. शहरात पुंडलिकनगरात राहणारे, कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. अशा माणसाने निवृत्तीनंतर गच्चीत कुंड्या लावाव्यात, सकाळी फिरायला जावं. यांनी मुंबईहून एक जुनी बारा माणसांची मोटरबोट विकत आणली आणि पैठणच्या अलीकडे नाथसागराच्या धरणात उतरवली. हिवाळ्यात पक्षी बघायला येणाऱ्यांना फिरवायचं, एवढाच बेत. घरच्यांनी कपाळाला हात लावला, पण अनंतराव त्या बोटीत असले की त्यांचं वय दहा वर्षांनी कमी दिसायचं हे घरच्यांनाही मान्य करावं लागलं.

त्या बोटीचं इंजिन आत आणि पंखा बाहेर. मधे एक जाडजूड लोखंडी पाय, बोटीच्या मागे पाण्यात लोंबणारा. इंजिनाची ताकद त्या पायातून खाली पंख्यापर्यंत जाते, म्हणून त्याच्या पोटात वर आणि खाली गिअर असतात आणि ते सगळे तेलात बुडालेले लागतात. बोटीच्या आत एक छोटी प्लास्टिकची बाटली असते, तिच्यातून नळीने त्या पायाला तेल मिळतं. बाटलीतलं तेल उतरलं तर समजायचं, कुठेतरी गळतंय. एवढी साधी गोष्ट. पण ट्रॅक्टरच्या मेस्त्रीला ती साधी नव्हती, म्हणून अनंतराव गॅरेजमध्ये स्टुलावर बसून इंग्रजी पुस्तक वाचायचे आणि मराठीत समजावून सांगायचे.

“हे ट्रॅक्टरसारखं वरून ओतायचं नाही, कडूबा,” ते म्हणाले होते. “पायाला दोन बूच आहेत. एक तळाशी, एक वर. तळाच्या भोकातून पंपाने तेल आत दाबायचं. ते हळूहळू वर चढतं आणि हवा वरच्या भोकातून निघून जाते. वरून ओतलंस तर हवा आतच कोंडून राहील. बाटली भरलेली दिसेल आणि वरचे गिअर कोरडे राहतील.”

कडूबाला पटलं. दोघांनी मिळून पहिल्यांदा तेल भरलं, तेव्हा वरच्या भोकातून आधी बुडबुडे आले, मग फेस आला आणि मग मधासारखी सलग धार. अनंतरावांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. वीस मिनिटं लागली होती.

बोट चालवायला मिळाला रामकिसन. कडूबानेच आणला होता. त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, दूरच्या नात्यातला. रामकिसन नऊ वर्षांचा असताना त्याचं गाव धरणात गेलं. त्या पाण्याखाली काय आहे हे त्याला जेवढं माहीत, तेवढं कुठल्या नकाशाला नव्हतं. पाहुण्यांना तो सांगायचा, “आता आपण मारुतीच्या पारावरून चाललो. ही डाव्या हाताला आमची विहीर. ह्या बाजूनं जात नाय, चिंचेचं खोड हाय खाली.” पक्षी बघायला आलेली माणसं दुर्बीण मांडीवर ठेवून खाली पाण्यात बघत बसायची. परत निघताना रामकिसनचा हात हातात घेऊन जायची. एवढा मान त्याला उभ्या आयुष्यात कुणी दिला नव्हता, आणि तो स्वतःच हे सगळ्यांना सांगायचा.

तीन हिवाळे असे गेले.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका शनिवारी कडूबा बोटीचं तेल बदलायला गेला. त्याच दिवशी कन्नडला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता आणि सुरेखा सकाळीच पुढे गेली होती. जुनं तेल काढून झालं आणि पिशवीत हात घातला, तर पंप पडेगावातच राहिलेला. परत जाऊन यायचं म्हणजे दुपार गेली, पंगत गेली, वर सासुरवाडीचे टोमणे. कडूबाने तळाचं बूच बंद केलं, वरच्या भोकात नरसाळं लावलं आणि हयातभर ट्रॅक्टरमध्ये ओतलं तसं तेल ओतलं. भोकापर्यंत तेल आलं. बाटली भरली. वरचं बूच बसवून त्याने पान्ह्याने सवयीप्रमाणे तीनदा टक टक केलं. पाच मिनिटांत काम झालं. रामकिसन काठावर बसून हे बघत होता, त्याने विचारलंसुद्धा, “आज लई लवकर झालं रे?”

“हात बसला आता,” कडूबा म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून निघाला. सोमवारी येऊन नीट भरू, असं त्याच्या मनात होतं. मनात होतं हे खरं आहे, पण त्याला काय करायचं? रविवार मधे होता.

रविवारी दुसऱ्या फेरीला बोटीत अकरा माणसं होती. मधल्या पाण्यात कुणा मासेमाराचं जाळं पंख्यात अडकलं. रामकिसनने इंजिन बंद केलं, पाय वर उचलून घेतला, विळ्याने जाळं कापून काढलं आणि बोट पुढे नेली. त्यानंतर चाळीस मिनिटं ती नीट चालली. मग मागून किंकाळीसारखा आवाज आला, एक जबर धक्का बसला आणि सगळं थांबलं. वारं सुटलेलं, काठ दिसेनासा. अकरा माणसं तीन तास पाण्यावर हेलकावे खात बसली. एक बाई बेशुद्ध पडली. शेवटी मासेमारांनी दोर बांधून बोट ओढत आणली. कुणाला इजा झाली नाही, पण काठावर उतरल्यावर त्या माणसांनी रामकिसनचा हात हातात घेतला नाही. जो तो त्याच्याकडे न बघता गाडीत बसला.

अनंतरावांनी विचारण्याआधीच रामकिसन म्हणाला, “साहेब, जाळ्यावर गेलो मी. नजर चुकली.”

पाय सोडवून पडेगावात आणला. कडूबाने तो खोलला तेव्हा अनंतराव त्याच स्टुलावर बसले होते. जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंख्यामागे गुंडाळला गेला की तिथलं रबरी सील कापलं जातं आणि आत पाणी शिरतं, हे पुस्तकात होतं आणि दोघांनाही माहीत होतं. पाणी शिरलं असतं तर तेल ताकासारखं पांढुरकं निघालं असतं. निघालं ते काळं, जळकं आणि थोडंसं. सील कडूबाने बोटाने चाचपलं. कुठेही चीर नव्हती. वरचे गिअर उष्णतेने निळे पडले होते, खालचे जसेच्या तसे तेलकट. कोंडलेली हवा, कोरडे गिअर.

“जाळंच ना?” अनंतरावांनी विचारलं. त्यांना लांबून नीट दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी त्यांचा कडूबाच्या बोटांवर स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त भरवसा होता.

खोटं काही कडूबाने शोधून काढलं नाही. ते आधीच तयार होऊन समोर आलेलं होतं, रामकिसनने स्वतःच्या तोंडाने आणून ठेवलेलं. कडूबाने फक्त मान हलवायची होती. “व्हय,” कडूबा म्हणाला.

“दोन ओळी लिहून दे मला,” अनंतराव म्हणाले. इंजिनिअरची सवय, त्यांना प्रत्येक गोष्टीचा कागद लागे. कडूबाने लिहून दिलं: जाळ्याच्या दोऱ्याने सील कापले, पाणी शिरले, गिअर जळाले. अक्षर त्याचं चांगलं होतं, शाळेत त्याला अक्षराबद्दल बक्षीस मिळालेलं. त्या दिवशीही ते चांगलंच आलं.

अनंतराव रामकिसनवर एका शब्दाने ओरडले नाहीत. पण त्यांनी बोट पाण्याबाहेर काढली ती काढलीच, पुन्हा पाण्यात उतरवली नाही. धरणावर मात्र बोभाटा झाला, की रामकिसन आंधळ्यासारखा जाळ्यांवर बोट घालतो. त्याला पुन्हा कुणी सुकाणू हातात दिलं नाही आणि थोड्याच दिवसांत त्यानेही मागणं सोडलं. मेहुण्याच्या ओळखीने तो दौलताबादला गेला. किल्ल्याच्या खाली गाड्या लावायची जागा आहे, तिथे शिट्टी घेऊन उभा राहू लागला.

पडेगाव ते दौलताबाद अंतर ते किती? कडूबा त्या रस्त्याने शंभरदा गेला आणि शंभरदा किल्ल्याशी येताच नजर दुसरीकडे फिरवून गेला. लग्नकार्यात गाठ पडली की रामकिसन आपणहून यायचा, खांद्यावर हात टाकायचा, “कसा हाईस?” विचारायचा. त्या दिवशी कडूबाला जेवण जायचं नाही. सुरेखा म्हणायची, “सांगून टाका एकदा, माणूस काय खाऊन टाकणार हाय का तुम्हाला?” तो म्हणायचा, “सांगतो.” दिवाळी झाल्यावर, पेरणी झाल्यावर, पोरीचं लग्न झाल्यावर. आपल्याकडे एकदा मागे टाकलेली गोष्ट आणखी मागे टाकायला कारणांचा तोटा कधीच पडत नाही. दोन वर्षांपूर्वी अनंतराव गेले, तेव्हा ज्यांना सांगायचं त्यातला एक जण कमी झाला, आणि कडूबाला त्या वेळी दुःखात थोडं सुटल्यासारखंही वाटलं. ते आठवलं की त्याला आजही स्वतःची किळस येते.

यंदा दिवाळीनंतर अनंतरावांची सून हिमानी गॅरेजवर आली. सासऱ्यांचं राहिलेलं काम तिने मनावर घेतलं होतं. गोव्याहून तसलीच बोट आणली होती, सगळे परवाने काढले होते, सोमवारी बोट पाण्यात उतरायची होती.

“तेलाचं काम तुम्हीच करायचं, काका,” ती म्हणाली. “आणि चालवायला मला रामकिसनकाकाच हवेत. बाबा शेवटपर्यंत त्यांचंच नाव घ्यायचे. मी दोनदा जाऊन आले, ते ऐकतच नाहीत. म्हणतात, माझ्या हातात बोट देऊ नका. तुम्ही जवळचे आहात त्यांच्या, तुम्ही समजवा. रविवारपर्यंत हो म्हणाले तर ठीक, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.”

नऊ वर्षं जी गोष्ट सांगायला कडूबाला मुहूर्त सापडत नव्हता, तिला आता मुदतच मिळाली होती. रामकिसन बोटीवर परत जाणार की नाही, हे एका वाक्यावर येऊन ठेपलं होतं आणि ते वाक्य कडूबाजवळ होतं.

रविवारी सकाळी तो दौलताबादला गेला. सुट्टीचा दिवस, गाड्यांची रांग. खाकी शर्ट घातलेला रामकिसन एका मोठ्या गाडीला मागे घेत होता. “या, या, या. डावीकडं काटा. बास.” साठीला आलेला माणूस, केस पांढरे झालेले, पण हाताची खूण तीच, बोट काठाला लावताना करायचा ती. कडूबाला गाडीआड उभं राहून ते बघवेना.

रामकिसनने त्याला बघितलं आणि शिट्टी खिशात टाकली. “अरे, कडूबा. वाट चुकला का काय?” लिंबाखालच्या बाकावर बसवून त्याने दोन चहा मागवले. सुरेखाची चौकशी केली, पोरीच्या सासरची केली. कडूबाने चहा तसाच हातात धरला होता.

“दादा, मला एक सांगायचंय. मधी बोलू नका,” तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. पंप विसरला ते, साखरपुडा, नरसाळं, पाच मिनिटं. सील साबूत होतं ते. तेल काळं होतं ते. अनंतरावांना काय म्हणाला ते. “तुमच्या जाळ्यानं काय बी झालं नव्हतं, दादा. बोट मी मारली. नऊ वर्षं तुम्ही माझं भोगलं.”

रामकिसन हसला, अगदी मायेने.

“हिमानीताईनं पाठवलं नं तुला?”

“तिनं पाठवलं, पण हे तिला ठावं नाय.”

“तू लई भला माणूस हाईस, कडूबा. मला बरं वाटावं म्हणून सगळं सोताच्या अंगावर घ्यायला निघाला.”

“दादा, आईची शप्पथ.”

“शप्पथ नको घालू.” रामकिसनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुला एक सांगू का? मला बी तवा वाटलं व्हतं, का जाळं नसंल म्हणून. जाळं काढल्यावर चाळीस मिनटं बोट लोण्यावानी चालली. मी साहेबांना म्हणलं बी तसं, साहेब, दुसरं काय तरी असंल. तर त्यांनी तुझा कागद काढला. तुझं अक्षर. मी वाचलं आन् तिथंच गप झालो. म्हणलं, कडूबानं खोलून बघितलं, कडूबानं लिहिलं, मग सवालच नाय. तो खोटं लिहिणारा माणूस नाय.”

म्हणजे हा माणूस स्वतःच खऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता आणि कडूबाच्या अक्षराने त्याला परत फिरवलं होतं. एवढं कडूबाला नऊ वर्षांत कधी कळलं नव्हतं, आणि न कळतं तर बरं झालं असतं असं वाटण्याचाही त्याला हक्क राहिला नव्हता.

त्याने रामकिसनच्या खिशातलं पावतीपुस्तक ओढून घेतलं, एका कोऱ्या पावतीच्या पाठीवर बाकावर वाकून लिहिलं: जाळ्याने काही झाले नाही. सील चांगले होते. तेल मी वरून ओतले, हवा कोंडली, म्हणून गिअर जळाले. चूक माझी, रामकिसनदादांची नाही. खाली सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला. “आता तर वाचा. हे बी माझंच अक्षर हाय.”

रामकिसनने कागद लांब धरून वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात जपून ठेवला.

“हे तू माझ्यासाठी लिहिलं,” तो म्हणाला. “साहेबांना दिलं ते खरं म्हणून लिहिलं व्हतं.”

पलीकडे एक गाडी आडवी होऊन अडकली होती आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. रामकिसन उठला, शिट्टी तोंडात घालण्याआधी म्हणाला, “ताईला सांग, त्या पाण्यात लोकांची लेकरंबाळं बसत्यात. माझ्या भरवशावर नको.” आणि हात वर करून तो गाड्यांमध्ये शिरला. कडूबा बाकावर बसून राहिला. चहा केव्हाच गार झाला होता.

सोमवारी सकाळी त्याने नव्या बोटीचं तेल भरलं. तळाच्या भोकातून, पंपाने, हळूहळू. बुचांचे वॉशर नवे घातले. वरच्या भोकातून बुडबुडे आले, फेस आला, मग सलग धार. वीस मिनिटं लागली. शेजारी वैजापूरचा एक तरणा माणूस नवं जॅकेट घालून उभा होता. त्याला बोट चालवता येत होती, पण पाण्याखाली काय आहे ते माहीत नव्हतं, म्हणून हिमानीने त्याला काठापासून फार लांब जायचं नाही असं बजावलं होतं.

“काका नाहीच म्हणाले?” तिने कडूबाला विचारलं.

तेव्हा कडूबाने तिलाही सगळं सांगितलं. हात तेलाने भरलेले, खाली मान घालून, काही न गाळता. ऐकता ऐकता हिमानीचा चेहरा उतरत गेला. “बाबांना तुम्ही हे कधीच...” ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, “पण आता तरी रामकिसनकाकांना सांगा हे. ते येतील.”

“सांगितलं. लिहून बी दिलं.”

“मग?”

“माझ्यावर लई भरवसा हाय त्यांचा,” कडूबा म्हणाला.

हिमानीने एकदा बोटीकडे बघितलं, एकदा त्याच्या हातांकडे.

“आज तेल खालूनच भरलंय ना?” तिने विचारलं.

कडूबाने पंप उचलून तिला दाखवला.